तीन शिट्ट्या

तीन शिट्ट्या आधी वाजल्या आणि भांडं नंतर पडलं. हा एवढासा क्रम मी आजवर कुणालाही सांगितलेला नाही. घरी बायकोला नाही, शाळेतल्या सोबत्यांना नाही, आणि ज्या दोघांना सांगायला हवा होता त्यांना तर नाहीच. उलटा क्रम मात्र पुष्कळांना सांगितला. इतक्या ठामपणे सांगितला की मधली काही वर्षं माझाच गोंधळ व्हायचा. आधी काय, नंतर काय, हे मनात पुन्हा पुन्हा जुळवून बघावं लागायचं. आता पन्नाशी उलटून गेली. तेवढा गोंधळ तरी ओसरला आहे. शिट्ट्या आधीच वाजल्या होत्या, आणि त्या मी वाजवल्या होत्या.

दिवाळी अंकासाठी लेख मागायला आलेली मंडळी म्हणाली होती, "सर, शिबिरातल्या गमती येऊ द्या." गमती आहेत, त्याही लिहितो. कारण पोरांचं शिबिर चालतं कसं हे समजल्याशिवाय मी काय केलं ते समजायचं नाही.

मी सोलापुरातल्या एका शाळेत पी.टी.चा मास्तर. सत्तरच्या दशकात नुकता नोकरीला लागलेला, अंगात रग, गळ्यात शिट्टी. उन्हाळ्याच्या सुट्टीत सातवी-आठवीच्या मुलांचं शिबिर एखाद्या खेड्यात न्यायचं, ही आमच्या शाळेची पद्धत. बाहेरच्या माणसाला शिबिर म्हटलं की लेझीम, गाणी, कबड्डी दिसते. ती वरची साय. खाली सगळा कारभार पाण्याचा, संडासाच्या चरांचा आणि मोजणीचा. पाणी कुठून शेंदायचं, चर वाऱ्याच्या कुठल्या अंगाला खणायचे, आणि आणलेली पोरं आहेत तेवढी आहेत ना. यातलं एक जरी चुकलं तरी तुमचं लेझीम कुणी बघत नाही.

आणि या सगळ्याची दोरी म्हणजे शिट्टी. एक शिट्टी म्हणजे आहे तिथं थांबा. दोन म्हणजे रांग. लागोपाठ तीन म्हणजे हातातलं असेल ते टाका आणि झेंड्याच्या खांबापाशी पळत या. विंचू निघाला, आग लागली, पोरगं हरवलं, तर उपयोगी पडावी म्हणून ही तिसरी. हिची मी पहिले दोन दिवस तालीम घ्यायचो, आणि तीही पोरांना न सांगता. कुणी अंघोळ करतोय, कुणी जेवतोय, तेवढ्यात तीन शिट्ट्या. साबण लावलेली पोरं तशीच यायची. तोंडात घास असायचा. एक जण चड्डीची नाडी हातात धरून आला होता. मला हे फार आवडायचं. आपल्या फुंकरीवर एवढी माणसं पळतात याची नशा असते, ती ज्यानं शिट्टी गळ्यात घातली नाही त्याला कळणार नाही.

त्या वर्षीच्या तालमीत नागनाथ विहिरीवर होता. मोडनिंबच्या पुढच्या एका वाडीतलं पोरगं, सोलापुरात बोर्डिंगमध्ये राहून शिकणारं. बोलायला कमी, कामाला पुढं. त्यानं कळशी अर्धी वर ओढली होती आणि मी तीन शिट्ट्या वाजवल्या. त्यानं दोर सोडला आणि पळत सुटला. कळशी दोरासकट विहिरीत. आमचा आचारी गुंडप्पा, अक्कलकोटकडचा, तो कपाळावर हात मारून ओरडला, "यप्पा! कळशी गेली की ओ मास्तर! हे पोरगं शाणं हाय का खुळं?"

सगळी पोरं हसली. मी हसलो नाही. मी नागनाथला पुढं बोलावलं, सगळ्यांपुढं त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणालो, "हसू नका. याला म्हणतात शिस्त. कळशी काय, उद्या काढता येते." नागनाथच्या तोंडावर तेव्हा जे आलं ते मला अजून दिसतं. त्याला आजवर कुणी चारचौघांत शाबास म्हटलं नसावं.

त्याचा जोडीदार व्यंकटेश. शहरातलं पोरगं खेड्यातल्या पोराशी जोडायचं, ही माझी युक्ती होती. व्यंकटेश पूर्व भागातला, विणकराच्या घरचा. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, आणि दोन्हीत चावट. पळण्यात त्याच्या जवळपास कुणी नव्हतं. कबड्डीत तो नुसता रेषेवर नाचायचा आणि समोरची पोरं आपोआप बाद व्हायची. पहिल्याच दिवशी त्यानं नागनाथचं नाव ‘मोडनिंब’ ठेवलं.

"ए मोडनिंब, तुमच्याकडं शिट्टीला काय म्हणतात बे?"

"शिट्टीच म्हणत्यात की."

"मग तू कळशीला काय समजलास?"

"गप ए. सरांनी शाबास म्हटलं मला. तुला म्हटलं का?"

जोडी जमली होती.

आता पावसाचं. मे महिन्यात सोलापूर जिल्ह्यात पावसाची तयारी कोण करतं? आमची सगळी तयारी उन्हाची. प्रत्येक पोराच्या खिशात ऊन लागू नये म्हणून कांदा, डोक्याला पंचा, झाडाखाली रांजण. वळीव येतो तो धुरळा उडवतो, तासभर कोसळतो आणि जातो, हे सगळ्यांना ठाऊक. त्या वर्षी तो आला आणि गेलाच नाही. पहिल्या सपाट्यात राहुट्या झोपल्या. दुसऱ्या दिवशीही धार तशीच. आम्ही पोरं, वळकट्या, ट्रंका घेऊन गावच्या शाळेच्या दोन खोल्यांत शिरलो. वर पत्रा.

गावाला आनंद. दुष्काळ मागं पडून फार वर्षं झाली नव्हती. ज्यांच्या गोठ्यात आम्ही चूल मांडली होती ते तात्या डोक्यावर पोतं घेऊन आले आणि म्हणाले, "मास्तर, तुमच्या पोरांनी पाऊस आणला बघा. आता जूनपातुर ऱ्हावा हितंच."

मी हसलो, पण माझी तंतरली होती. पत्र्यावरच्या पावसाचा आवाज ज्यानं ऐकलाय त्याला सांगायला नको. शेजारच्या माणसाच्या कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागायचं. फळ्यावर मी दिवसाचा कार्यक्रम लिहिला होता, तो ओल्या खांद्यांनी पुसला गेला. मग कुणीतरी त्यावर बैल काढला. माझ्या घड्याळात पाणी जाऊन ते बंद पडलं. आभाळ असं की सकाळ कुठली आणि तिन्हीसांज कुठली कळेना. एकदा पोरांनी न्याहारी समजून संध्याकाळचं जेवण केलं आणि प्रार्थनेला उभी राहिली. मीही उभा राहिलो. निम्मी प्रार्थना झाल्यावर गुंडप्पा म्हणाला, "मास्तर, आता निजायची येळ झाली."

चर पाण्यानं भरले, त्याबद्दल अधिक लिहीत नाही. कपडे वाळेनात. खोलीभर दोऱ्या, दोऱ्यांवर खाकी चड्ड्या, सगळ्या सारख्या. सकाळी ज्याला जी मिळेल ती. लहान पोरांच्या चड्ड्या गुडघ्याखाली, मोठ्यांच्या बटणं लागेनात. एकाच्या बुटात विंचू निघाला तर तो घाबरण्याऐवजी भांडला, "हा बूट माझा नाहीच!" दिवसभर गाण्याच्या भेंड्या, तेही ओरडून. घसे बसले. ओली लाकडं पेटेनात, म्हणून भाकरीचा नाद सोडून रोज भात आणि शेंगदाण्याची आमटी. व्यंकटेश भातावर खूश. नागनाथ म्हणायचा, "भातानं प्वाट भरत न्हाय, नुसतं फुगतंय."

हेडसर धान्य आणायला सोलापूरला गेले होते. ओढ्याला पाणी आल्यामुळं ते पलीकडं अडकले. शिबिरात मोठा माणूस म्हणजे मी आणि गुंडप्पा. मी पंचविशीतला.

त्यातली एक गोष्ट मात्र मी नीट केली, आणि तिचाच मला नंतर सगळ्यात जास्त त्रास झाला. ती सांगतो.

एका सकाळी सगळी पोरं उठली, नागनाथ उठेना. घोंगडीवर मांडी घालून बसलेला, हात दोन्ही बाजूंना टेकलेले, जणू घोंगडी उडून जाणार आहे. मी जवळ गेलो. वासावरून कळलं. तेरा वर्षांचं पोरगं, त्यातून बोर्डिंगमधलं. हे एकदा पोरांना कळलं असतं तर त्याला मॅट्रिक होईस्तोवर दुसरं नाव चिकटलं असतं, मोडनिंबपेक्षा वाईट. शिबिरात पोरं अंथरूण ओलं करतात, ही आमच्या धंद्यातली रोजची गोष्ट. त्यावर उपाय औषधाचा नसतो, अकलेचा असतो. मी कोपऱ्यातला तांब्या उचलला, त्याच्या आणि शेजारच्या दोघांच्या अंथरुणावर रिकामा केला आणि ओरडलो, "अरे, इथं पत्रा गळतोय! उठा, उठा, सगळ्या वळकट्या पलीकडं घ्या!"

पोरांनी ओढाओढ सुरू केली. व्यंकटेश म्हणाला, "मी रात्रीच म्हटलं होतं बे, टपटप आवाज येतोय." शिबिरात अशी साक्ष फुकट मिळते. नागनाथनं मान वर करून पत्र्याकडं पाहिलं. पत्रा खडखडीत कोरडा होता. मग त्यानं माझ्याकडं पाहिलं.  त्या दिवसापासून मी सांगायच्या आधी त्याचं काम झालेलं असायचं.

खोटं कसं बोलावं हे मला येत होतं, एवढं इथं लक्षात ठेवा.

जेवण गोठ्यातून शाळेत आणायचं म्हणजे मधलं पटांगण ओलांडायचं. आमटीचं मोठं पातेलं दोरानं बांबूला अडकवायचं आणि दोन पोरांनी बांबूची दोन टोकं खांद्यावर घेऊन यायचं. कुणाची पाळी कधी, हे आधी ठरलेलं असायचं. पावसात ते मोडलं. पुढं जो दिसेल त्याला मी पाठवायचो: तू आणि तू, जा. हे चुकीचं होतं, तेव्हाही मला ठाऊक होतं. मोजणी सांभाळणाऱ्या माणसानं पोरं अशी वाऱ्यावर धाडायची नसतात. एक वेळ भात कमी पडला तर चालतो, पण कोण कुठं आहे हे डोक्यात पक्कं हवं.

त्या दुपारी मी दोघांना आमटी आणायला पाठवलं आणि विसरलो. विसरलो म्हणजे पाठ फिरताच विसरलो. दोन पोरांचं चड्डीवरून भांडण लागलं होतं, एकाचा ताप बघायचा होता, खिडकीतून पाणी आत येत होतं तिथं पोतं लावत होतो. तेवढ्यात तात्या दारात आले, नखशिखान्त भिजलेले, आणि माझ्या कानाशी ओरडले, "मास्तर, वढ्याला लोंढा आलाय. गावची पोरं बघायला चाललीत. तुमची सांभाळा बरं!"

 मी मोजायला लागलो. अंधारी खोली, दोऱ्यांवरचे कपडे, त्यामागं पोरं, एका जागी उभी राहीनात. दोन कमी. पुन्हा मोजली. पुन्हा दोन कमी. "कोण नाही? कोण नाही रे?" मी ओरडतोय, पोरं "काय? काय?" करताहेत, पत्रा कुणाचं काही ऐकू देत नाही. माझ्या डोळ्यांपुढं फक्त ओढा. दोघांच्या घरी जाऊन मी काय सांगणार, एवढंच डोक्यात. त्यांची नावं आठवायला हवी होती, ती आठवली नाहीत. मी पडवीत गेलो, छाती भरून घेतली आणि तीन शिट्ट्या वाजवल्या.

आवाज मुलखावेगळा निघाला. दोन्ही खोल्यांतली पोरं पावसात बाहेर आली आणि झेंड्याच्या खांबाकडं पळाली. आणि त्याच वेळी पटांगणाच्या मध्यावर, बांबू खांद्यावर घेऊन येणारे नागनाथ आणि व्यंकटेश मला दिसले. पुढं नागनाथ, मागं व्यंकटेश, मधे वाफाळणारं पातेलं.

तेव्हा मला आठवलं की या दोघांना मीच पाठवलंय.

हात वर करायला हवा होता. "नको!" म्हणून ओरडायला हवं होतं. तेवढा वेळ होता की नव्हता, याचा हिशेब मी इतक्या वेळा मांडलाय की आता तो मला सुटत नाही. नागनाथनं खांद्यावरचा बांबू टाकला आणि पळाला. पातेलं पुढं आदळलं, लवंडलं, आणि मागून चालत येणारा व्यंकटेश बांबूच्या झोकानं त्याच्यावरच गेला. उजवा पाय गुडघ्यापर्यंत आमटीत.

पावसात त्याचं ओरडणं ऐकू आलं नाही. नुसतं उघडं तोंड दिसलं. आणि माझ्यापुढं, सगळ्या पोरांच्या आधी पोचलेला नागनाथ सावधानमध्ये उभा होता. हनुवटी वर, नजर समोर. शाबासकीची वाट बघत होता. त्याच्या मागं काय झालंय हे त्याला माहीतच नव्हतं.

मी त्याला बाजूला सारून पळालो. त्या क्षणी त्याला वाटलं असेल, सर रागावले. मग तो वळला आणि त्यानं पाहिलं.

पायावर पाणी ओतलं. गुंडप्पानं बटाटा किसून लावला, कुणी शाई आणली, तात्यांच्या घरातून तूप आलं. काय लावावं आणि काय नाही हे कुणालाच कळत नव्हतं, आणि मी प्रत्येकाला हो म्हणत होतो. ओढा अडवून बसला होता. दुसऱ्या दिवशी पाणी उतरल्यावर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून त्याला सोलापूरला नेलं. डॉक्टर म्हणाले, आदल्या दिवशी आणला असता तर बरं झालं असतं. पाय राहिला. पण घोट्याजवळची कातडी आवळून आली आणि टाच जमिनीला पुरती टेकायची राहिली ती कायमची.

त्याआधी, पाणी उतरताच, हेडसर आले. ट्रॉलीची तयारी चालली होती, पोरं पडवीत गोळा झालेली. त्यांनी विचारलं, "हे कसं काय झालं?"

माझ्याआधी गुंडप्पाच बोलला, "काय कळंना बघा सायेब. शिट्टी वाजली, का आधी भांडं पडलं, पावसात कायच कळंना."

मी म्हणालो, "भांडं पडलं म्हणून मी शिट्ट्या मारल्या. मदतीला पोरं यावीत म्हणून. चिखल होता, याचा पाय घसरला."

फक्त क्रम बदलला. त्यात घसरल्याचं एक वाक्य वाढवलं, बस. पोरं खोल्यांत होती, त्यांनी शिट्टी ऐकली, खांबाकडं पळाली आणि वळून बघतात तर भांडं पडलेलं. त्यांनाही तेच खरं वाटलं. एक-दोघं तर म्हणाली, "हो सर, आम्ही पडताना बघितलं." पुन्हा फुकटची साक्ष.

नागनाथ पुढं आला. "सर, मी..."

"पाय घसरला ना रे तुझा?" मी म्हणालो. आवाज मऊ होता माझा. मला आठवतं.

त्यानं मान वर केली आणि पत्र्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं. मग तो हळूच म्हणाला, "व्हय सर."

तो पत्र्याकडं का बघतोय हे मला तेव्हा कळलं नाही. म्हणजे, कळलं असेल. पण मी त्याकडं लक्ष दिलं नाही. व्यंकटेश ट्रॉलीत पडून होता. त्याच्या पुढ्यातून पळालेला, मागं काहीच न बघितलेला मित्र, आणि पुढून सगळं बघितलेला मास्तर. शिट्टी आणि पडणं त्याच्यासाठी एकाच क्षणात झालं होतं, आधी काय ते त्याला सांगता आलं नसतं; त्यानं दोघांचंही ऐकलं.

पुढच्या वर्षापासून मी गळ्यात शिट्टी घातली नाही. टाळी वाजवायचो. पी.टी.चा मास्तर आणि बिनशिट्टीचा, म्हणून शाळेत माझं कौतुक झालं. पोरं ‘टाळी सर’ म्हणायची. नव्या शिक्षकांना सांगितलं जायचं, सरांचा धाक नाही, प्रेम आहे. मी ते ऐकून घेत आलो.

व्यंकटेशला मागावर उभं राहता येईना. तो चादरींच्या दुकानात गादीवर बसला आणि चांगला जम बसवला. जिभेची धार तीच. नागनाथ कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये लागला. दोघांची दोस्ती तुटली नाही. दुकानात गिऱ्हाइकापुढं व्यंकटेश पाय दाखवून सांगायचा, "हा मोडनिंबवाला घसरला बे, आणि मी शिजलो." नागनाथ हसायचा. हसताना तो कुठं बघायचा हे मी कधी पाहिलं नाही. मी त्या दुकानात फार वेळ थांबत नसे.

दर दिवाळीला नागनाथ आमच्या घरी, जुळे सोलापुरात येतो. शेतातल्या शेंगांची पिशवी घेऊन. पायावर डोकं ठेवतो. एका वर्षी तो माझ्या बायकोला म्हणाला, "वहिनी, सरांनी मला लहानपणी दोनदा वाचवलं."

"दोनदा? कशातून हो?" ती म्हणाली.

"ते आमचं हाय," तो हसून म्हणाला. "पत्रा गळत हुता, असं समजा."

मी आत पाणी आणायला गेलो. एकदा अंथरुणाचं, ते ठीक. दुसऱ्यांदा म्हणजे कुठलं, हे मला स्वयंपाकघरात उभ्या उभ्या समजलं. भांडं आपण हातानं सोडलं आणि सरांनी ‘घसरला’ म्हणून आपल्याला झाकून घेतलं, असं तो आजवर समजत आला होता. शिट्टीचा त्यानं दोष मानलाच नव्हता. शिट्टी वाजणारच, आपण अक्कल वापरायला हवी होती, असं त्याचं गणित. अक्कल वापरू नकोस, हातातलं टाक, असं त्याला शिकवणारा मी. विहिरीत कळशी सोडली म्हणून शाबासकी देणारा मी. आणि तो माझ्या पायावर डोकं ठेवत होता.

पाणी दिलं. शेंगा कशा आल्या म्हणून विचारलं.

गेल्या दिवाळीला तो आला तेव्हा शेंगांची पिशवी होती, पण चेहरा उतरलेला. व्यंकटेशच्या मुलीचं लग्न झालं होतं. पंगतीत वाढायला माणसं कमी पडली, तर व्यंकटेशनं आमटीची बादली नागनाथच्या हातात दिली. नागनाथनं ती खाली ठेवली आणि मांडवाबाहेर निघून गेला. परत आलाच नाही.

"मी गरम भांडं धरत न्हाय सर, घरात सुदिक," तो म्हणाला. "बायकूला ठावं हाय. व्यंक्याला कसं सांगू? त्याला वाटलं, ह्यो आमच्या पंगतीत वाढायला लाजला. सगळ्यांसमोर म्हणाला, ‘एवढ्या वर्षांत तुझ्या चुकीबद्दल मी एक शब्द बोललो नाही बे, आणि तू माझ्या पोरीच्या पंगतीतून उठून जातोस?’ तवापसनं बोलत न्हाय माझ्यासंगं."

मी चहाचा कप त्याच्यापुढं सरकवला.

"सर, त्याला खरं सांगून टाकू का? घसरलो न्हवतो म्हणून. हातानं सोडलं म्हणून. मला आता वझं हुतंय. पन तुमी माझ्यासाठी खोटं बोलला हुतात. तुमचा शब्द खाली पडंल, म्हणून इच्यारतो."

माझा शब्द खाली पडू नये म्हणून हा माणूस माझी परवानगी मागत होता. समोर शेंगा, चहा, बायको दारात. वाक्य तयार होतं. किती लहान वाक्य.

मी म्हणालो, "जाऊ दे रे. जुनं झालं. काळ जाईल तसा तो बोलेल."

"बरं सर," तो म्हणाला, आणि पायावर डोकं ठेवून गेला. जाताना जिन्यात थोडा थांबला होता, मी वरून पाहिलं. मी हाक मारली नाही.

व्यंकटेश अजून त्याच्याशी बोलत नाही, असं ऐकतो.

हे लिहून मी सुटलो असं कुणी समजू नये. वाचणारे हजार असतील, त्यांच्याशी माझं काही देणं नाही. व्यंकटेशची टाच मला परत करता येणार नाही, ते मी सोडून दिलं आहे. पण कुर्डुवाडीला जायचं, नागनाथला बरोबर घ्यायचं, त्या दुकानात गादीसमोर उभं राहायचं आणि दोघांच्या तोंडावर सांगायचं, की तुम्हाला आमटी आणायला मी पाठवलं, मी विसरलो, तीन शिट्ट्या मी वाजवल्या आणि नागनाथनं मी शिकवलं तेच केलं. एवढं मी देणं लागतो. अजून दिलेलं नाही.